माजी सैनिक, मालकाची गाडी आणि मागच्या सीटवरचा मृतदेह: कोकणात घडणारी काळ्या विनोदाची गुन्हेकथा कशी लिहावी

युद्ध पाहून आलेला माणूस निवृत्तीनंतर कुणाच्या तरी गाडीवर ड्रायव्हर होतो आणि त्या नोकरीपायी गुन्ह्यात अडकतो. ही कल्पना चांगली आहे, म्हणूनच ती पुष्कळांना सुचते. बहुतेकांचे लिखाण मात्र तिसऱ्या प्रकरणात बसते, आणि त्याची कारणे ठरलेली असतात. नायक एका हाताने दहा जणांना लोळवतो, मृतदेह तीन दिवस डिकीत पडून राहतो आणि कुणाला वास येत नाही, किंवा पात्रे स्वतःच्याच संकटावर कोट्या करत बसतात. तिन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. विनोद आधी लिहिला जातो आणि तपशील नंतर चिकटवला जातो. खाली दिलेला क्रम याच्या उलटा आहे. तो मोडू नका.

## लिहायला बसण्यापूर्वी

चार गोष्टी टेबलावर हव्यात. ज्या वर्षी कथा घडते त्या वर्षाचे पंचांग. तालुक्याचा नकाशा, ज्यात खाड्या आणि घाट स्पष्ट दिसतात. सामाईक जमिनीचा खरा सातबारा, कुणाचाही चालेल. आणि एक वही, जिच्यात कथेतली प्रत्येक घटना तारीख, वेळ आणि किलोमीटरसह नोंदवायची. ही वही म्हणजे तुमच्या ड्रायव्हरची कार डायरी. लष्करी गाडीचा ड्रायव्हर प्रत्येक फेरीची नोंद ठेवतो. तुमचा नायक घरी आल्यावरही ती ठेवत असेल, तर पुढे तीच वही पुरावा म्हणून उपयोगी पडते.

## टप्पा १: नायकाची सेवा जुळवा

आधी वयाचे गणित करा. १९७१ च्या युद्धात लढलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. त्याला ड्रायव्हर करायचे तर कथा १९८० किंवा ९० च्या दशकात न्यावी लागेल. श्रीलंकेतल्या शांतिसेनेत (१९८७ ते १९९०) असलेला माणूस आज साठीच्या अलीकडे-पलीकडे असतो. आजच्या कथेला सर्वांत सोयीचे युद्ध १९९९ चे कारगिल. १९७८ चा जन्म, १९९६ ला भरती, युद्धात वय २१ आणि आज पंचेचाळीस ओलांडलेली. शिपायापासून हवालदारापर्यंतची माणसे साधारण चाळिशीच्या आसपास पेन्शनवर घरी येतात. घरात शिकणारी मुले असतात आणि पेन्शन पुरत नाही. दुसरी नोकरी धरायला एवढे कारण पुरे आहे, वेगळे दुःख शोधू नका.

मग हुद्दा आणि शाखा ठरवा. नायक लढाऊ पलटणीतला असायलाच हवा असे नाही. आर्मी सर्व्हिस कोअरचा ड्रायव्हर या कथेला जास्त उपयोगी. कारगिलच्या वेळी द्रासजवळचा महामार्ग शत्रूच्या तोफांच्या माऱ्यात होता आणि गाड्या रात्री दिवे बंद ठेवून काढाव्या लागत. ज्याने तिथे ट्रक चालवला, तो पुढे घाटात दिवे मालवून गाडी काढू शकतो, आणि वाचकाला ते पटते. लढाईतून आणलेले एवढे एकच कौशल्य द्या. कमांडोचे प्रशिक्षण, नेमबाजी आणि स्फोटके एकाच माणसाच्या अंगी लादू नका.

गाव निवडायला महाड तालुक्यातले फौजी आंबवडे डोळ्यांसमोर ठेवा. पिढ्यानपिढ्या सैन्यात माणसे पाठवणारे गाव अशी त्याची ओळख आहे. अशा गावात माजी सैनिक हा अपवाद नसतो. पारावर बसलेल्या प्रत्येकाच्या घरात एक असतो, म्हणून कुणी त्याला फारसे विचारत नाही. हे कथेला फार मोलाचे आहे.

सावध: युद्धाचा आघात हा विनोदाचा विषय नाही. झोप न लागणे, फटाक्याला दचकणे, दार बंद असलेल्या खोलीत घाम फुटणे यांवर हसू काढलेत की वाचक तुमच्यापासून तुटतो आणि ज्याच्या घरात असा माणूस आहे तो दुखावतो. हसू येऊ द्यायचे ते त्याच्या शिस्तीची गाठ चुकीच्या कामाशी पडते तेव्हा.

तपासा: नायकाचे जन्मवर्ष, भरती, युद्ध, निवृत्ती आणि आजचे वय एका ओळीत लिहा. वजाबाकी जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: गाडी ठरवा, मग कथा

गाडीचे मॉडेल कथानक ठरवते, आणि नेमके हेच नवे लेखक शेवटी ठरवतात. काही व्यवहारी गोष्टी:

- डिझायरसारख्या सेडानमध्ये स्टेपनी डिकीच्या तळाशी, गालिच्याखाली असते. म्हणजे डिकीत काही लपवले असेल आणि टायर पंक्चर झाला, तर सगळे बाहेर काढल्याशिवाय स्टेपनी हाती लागत नाही.
- इनोव्हा क्रिस्टा किंवा अर्टिगाची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. पंक्चरचा प्रसंग इथे बाद. शिवाय तिसरी रांग उभी असेल तर मागे माणूस मावत नाही.
- सीएनजीच्या गाडीत बहुधा टाकीच डिकी खाते. किती तरी कथांतले मृतदेह अशा डिकीत लेखकाने कोंबलेले असतात जिथे दोन बॅगाही बसणार नाहीत.
- खासगी गाडीला पांढरी पाटी, भाड्याच्या गाडीला पिवळी. पांढऱ्या पाटीवर भाडे मारणारा मालक आरटीओला घाबरतो, आणि ही छोटी भीती मोठ्या गुन्ह्याच्या आड येते.

फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलवर फास्टॅग सक्तीचा आहे. टोलनाका ओलांडला की वेळ नोंदली जाते आणि मालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो. पेट्रोल पंपावर कॅमेरा असतो. हे टाळायचे असेल तर नायकाला आतला रस्ता धरावा लागेल, आणि आतला रस्ता म्हणजे वेळ.

ड्रायव्हर म्हणून त्याची दिनचर्याही लष्करातून आणा. सकाळी गाडी काढण्यापूर्वीची तपासणी म्हणजे फर्स्ट परेड: तेल, पाणी, हवा, दिवे, ब्रेक. थांब्यावर हॉल्ट परेड, रात्री लास्ट परेड. मागे काहीही ठेवलेले असो, तो हे चुकवत नाही.

## टप्पा ३: गुन्हा जमिनीतून उगवू द्या

मुंबईतल्या टोळ्या कोकणात आणून सोडू नका. इथला खराखुरा गुन्हा सातबाऱ्यावर सापडतो. एका सामाईक गटावर तीस-चाळीस नावे, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि त्यांची वारस नोंद झालेली नाही. पूर्ण जमीन विकायची तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. मालक हा जमिनीचा दलाल असेल तर त्याचे अर्धे आयुष्य सह्या गोळा करण्यात जाते, आणि ड्रायव्हरचे त्याला दारोदार नेण्यात.

एक सांगाडा उदाहरण म्हणून घेऊ. सर्वांत मोठ्या हिश्श्याच्या म्हाताऱ्या काकांनी मालकाला कुलमुखत्यारपत्र दिले आहे. काका विक्रीच्या दस्त नोंदणीच्या आदल्या रात्री झोपेत वारतात. मुखत्यारपत्र देणारा मेला की सर्वसाधारणपणे ते तिथेच संपते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मुखत्याराला घोषणापत्र द्यावे लागते की देणारा हयात आहे. म्हणून मालकाला काका उद्या दुपारपर्यंत जिवंत हवेत. तो ड्रायव्हरला म्हणतो, "काकांना गाडीत बसव, आपण त्यांना तपासायला नेतोय."

या सांगाड्याचे बळ कशात आहे? पहिला गुन्हा छोटा आहे, कागदाचा आहे, आणि करणाऱ्याला तो गुन्हा वाटतही नाही. नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली खोट्या निवेदनाला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण मालकाच्या मनात ते फक्त "एक दिवस इकडेतिकडे" असते. खून नंतर येतो, काकांना गाडीत पाहिलेल्या माणसाचा. छोट्या लबाडीकडून खुनाकडे नेणारी प्रत्येक पायरी आदल्या पायरीने भाग पाडलेली असावी. पहिल्याच पानावर खून टाकलात तर हसायला जागा उरत नाही.

आणि कार्यालयात त्या दिवशी सर्व्हर बंद पडतो. जिल्ह्यातल्या कोणत्याही वाचकाला हे पटवून द्यावे लागणार नाही. दस्त उद्यावर जातो. उद्या शनिवार, सुट्टी.

सावध: आंबोली घाटाच्या दरीत मृतदेह फेकण्याचा प्रसंग टाळा. तशा बातम्या इतक्या वेळा आल्या आहेत की वाचक तुमच्या आधी तिथे पोचलेला असतो. २०२३ च्या सुरुवातीला मृतदेह टाकायला गेलेला माणूसच तोल जाऊन दरीत कोसळून मेला, ही घटना वर्तमानपत्रांत छापून आली आहे. त्याहून जास्त धक्का देण्याच्या शर्यतीत उतरू नका.

## टप्पा ४: घड्याळ लावा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. इथे तीन घड्याळे एकाच वेळी चालतात.

शरीराचे घड्याळ. मृत्यूनंतर काही तासांत अंग ताठरते. आधी पापण्या, जबडा आणि मान, मग हातपाय. उन्हाळ्यात हे लवकर येते आणि लवकर ओसरते. बसलेल्या स्थितीत ताठरलेला माणूस आडवा होत नाही, आणि आडवा ताठरलेला सीटवर बसत नाही. म्हणजे काकांना पहाटे गाडीत बसवायचे की नाही हा निर्णय मृत्यूनंतर पहिल्या दोन-तीन तासांतच घ्यावा लागतो. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात दिवस मावळायच्या आत पोटाच्या उजव्या खालच्या भागावर हिरवट छटा दिसू लागते, आणि माश्या त्याही आधी येतात. एसी चालू ठेवला तर वेळ थोडा वाढतो, पण इंजिन सुरू ठेवावे लागते आणि डिझेल जळते. हा हिशेब नायकाच्या डायरीत येऊ द्या.

आंब्याच्या पेट्यांचा वास दुर्गंध झाकतो असे अनेकजण लिहितात. पेंढ्यात पिकणाऱ्या हापूसचा घमघमाट काही तास साथ देईल, दुसऱ्या दिवशी नाही. शिवाय आंबा मार्च ते मे. ऑगस्टमधल्या कथेत हापूसची पेटी दिसली की वाचक पुस्तक मिटतो.

समुद्राचे घड्याळ. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा वापरा: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास, आणि ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. तिथी शुद्ध असो की वद्य, मोजणी तीच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. ओहोटीला वाळूत उतरवलेली गाडी रुतली आणि भरती लागली, की जगातला कोणताही ड्रायव्हर ती एकट्याने काढू शकत नाही, ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आणि ट्रॅक्टरबरोबर निम्मे गाव येते.

१ जून ते ३१ जुलै राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत कुणी ट्रॉलरने समुद्रात गेल्याचे लिहिलेत तर ते स्वतंत्र कायदेभंगाचे कथानक होईल. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या, शाकारलेल्या खोपी आणि बसलेले लोक असे ते दृश्य असते.

रस्त्याचे घड्याळ. खाडी हे कोकणातले खरे दार आहे. वेसवी-बागमांडला फेरीबोटीने मंडणगड तालुक्यातून श्रीवर्धन तालुक्यात गेलात की जिल्हा बदलतो, म्हणजे पोलीस अधीक्षकही बदलतात. दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून गुहागरकडे जाता येते. या बोटी रात्री बंद होतात आणि शेवटची चुकली तर मोठा वळसा पडतो. बोटीवर गाडी चढली की ती चहूबाजूंनी अडकते: पुढे टेम्पो, मागे दुचाक्या, खिडकीपाशी कुतूहलाने डोकावणारी माणसे. गाडी हलवता येत नाही, इंजिन बंद करायला सांगतात, म्हणजे एसी बंद. पाठलागाच्या दहा पानांपेक्षा ही फेरी जास्त काम करते.

गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस महामार्गावर घालवायचे असतील तर वेळ दुप्पट धरा आणि प्रत्येक चौकात पोलीस धरा.

तपासा: वहीत प्रत्येक प्रसंगासमोर तीन नोंदी हव्यात: मृत्यूला किती तास झाले, भरती की ओहोटी, आणि जवळची फेरी चालू की बंद.

## टप्पा ५: पोलीस आणि कायदा

१ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यात भारतीय दंड संहितेची कलमे लिहू नका. खून आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली येतो, पुरावा नष्ट करणे कलम २३८ खाली. गावातली माणसे अजून "तीनशे दोन" म्हणतात, ते संवादात राहू द्या. फौजदाराच्या कागदात नवे कलम हवे.

संशयास्पद मृत्यूची आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, जागेवर पंचनामा होतो, मृतदेह ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात शवविच्छेदनाला जातो. खबर देणारा बहुधा पोलीस पाटील. त्याला विसरू नका, कारण गावात नवी गाडी कधी आली हे त्याला सर्वांत आधी कळते. पंच म्हणून उभे राहायला कुणी तयार नसते, हाही रोजचा अनुभव.

झडती-जप्तीचे चित्रीकरण आता आवश्यक आहे आणि ते मोबाइलवरही करता येते. रेंज नसलेल्या वाडीत, पावसात, छत्री धरून गाडीच्या डिकीचे चित्रीकरण चालू आहे, हा प्रसंग नुसता नोंदवला तरी पुरतो.

सर्वांत मोठी चूक शेवटी होते. पोलीस ठाण्यात आरोपी सगळे कबूल करतो आणि कथा संपते. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा धरली जात नाही. त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढ्यापुरता भाग चालतो. म्हणून कबुलीऐवजी वस्तू शोधा: डायरी, फास्टॅगचा मेसेज, फेरीबोटीचे तिकीट.

बंदुकीबाबत एकच. सैन्यातले शस्त्र घरी येत नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर असू शकते, आणि निवडणूक लागली की अनेक परवानाधारकांना ती ठाण्यात जमा करावी लागते. आचारसंहितेच्या काळात कथा ठेवलीत तर नायकाची बंदूक कायदेशीररीत्या हिरावली जाऊ शकते.

## टप्पा ६: आता विनोद

इतका वेळ एकही विनोद लिहिलेला नसावा. आता वही उघडा आणि जिथे शिस्त आणि परिस्थिती समोरासमोर येतात त्या नोंदींवर खूण करा. पाच-सहा पुरेत.

पंक्चरचा प्रसंग घ्या. दस्त लांबला आहे, काकांचा ताठरपणा ओसरला आहे आणि ते आता सीटवरून डिकीत गेले आहेत. चुकीची रीत अशी: ड्रायव्हर डिकी उघडतो आणि मृतदेहाकडे बघून म्हणतो, "काका, जरा उतरता का?" वाचक हसेल, पण त्या क्षणी माणूस मेला आणि लेखक बोलू लागला.

बरोबर रीत: तो आधी चाकाला दगड लावतो. ताडपत्री सावलीत अंथरतो. काकांना जखमी जवानाला उचलावे तसे, डोके सांभाळून बाहेर काढतो, धोतर नीट करतो. स्टेपनी बसवतो. दुचाकीवरून जाणारा थांबतो.

"काय झालां?"

"पंक्चर."

"आणि हे?"

"काका. रात्रभर प्रवास झालाय."

"मगे झोपांदेत," म्हणत तो माणूस आवाज हळू करतो आणि जॅक धरायला बसतो.

इथे कुणी विनोद करत नाही. मदत करणारा मनापासून मदत करतो, आणि नायकाला त्याची मदत नाकारता येत नाही. भीती आणि हसू एकाच जागेतून येतात.

कोकण स्वतः असे प्रसंग पुरवते. मालक दस्त निर्विघ्न व्हावा म्हणून देवळात नारळ ठेवतो. गावकर गाऱ्हाणे घालतो, त्यात काकांना दीर्घायुष्य मागतो, आणि सगळ्यांबरोबर ड्रायव्हरलाही "व्हय म्हाराजा" म्हणावे लागते. पुढे काकांचे कार्य होते आणि पिंडाला कावळा शिवत नाही. घरातला प्रत्येकजण काकांची राहिलेली इच्छा ओळखू पाहतो. खरे कारण ठाऊक असलेले दोघेच मागे उभे आहेत. या प्रसंगांत श्रद्धेची टिंगल करू नका. श्रद्धा खरी आहे म्हणूनच त्या दोघांची कोंडी होते.

सावध: प्रत्येक विनोदी प्रसंगाने नायकाचे काहीतरी हिरावले पाहिजे: वेळ, पैसा, साक्षीदार किंवा झोप. काहीच गेले नाही तर तो प्रसंग काढून टाका, कितीही आवडला तरी.

## टप्पा ७: बोली आणि हाका

सगळे कोकण मालवणी बोलत नाही. "माका-तुका" सिंधुदुर्गात. चिपळूण-संगमेश्वराकडे बोली वेगळी, रायगडच्या उत्तरेला आगरी. नायक एका तालुक्याचा आणि मालक दुसऱ्या तालुक्याचा असेल तर दोघांचे बोलणे वेगळे ऐकू आले पाहिजे. माजी सैनिकाच्या बोलण्यात "साब" आणि हिंदी क्रियापदे येतात, विशेषतः ताणाच्या वेळी. गाव त्याला हुद्दा न बघता सुभेदार म्हणते, आणि हवालदार म्हणून निवृत्त झालेला तो दर वेळी दुरुस्ती करत नाही. मालक वयाने लहान असूनही त्याला "तू" म्हणतो, तो मालकाला "शेट". या एका सर्वनामावर पुस्तकभर ताण टिकतो. नायक मालकाला पहिल्यांदा "तू" कधी म्हणणार, ते पान आधीच ठरवून ठेवा आणि त्यापूर्वी ते एकदाही निसटू देऊ नका.

## टप्पा ८: शेवटचे वाचन

मसुदा झाल्यावर तीन वेळा, तीन वेगवेगळ्या माणसांच्या डोळ्यांनी वाचा.

पहिल्यांदा आरटीओ एजंट म्हणून: गाडी, अंतर, डिझेल, टोल. टाकी किती लिटरची, किती वेळा भरली, एसी किती तास चालला.

दुसऱ्यांदा तलाठी म्हणून: गट, हिस्सेदार, मुखत्यारपत्र, फेरफार. नोंदीवर हरकत घ्यायला पंधरा दिवसांची नोटीस असते, आणि तुमच्या कथेत मालकाने दोन दिवसांत नावे चढवली असतील तर ते पान परत लिहा.

तिसऱ्यांदा नायकाच्या बायकोच्या नजरेने. ती घरी थांबलेली असते आणि तिला कुणी काही सांगत नाही. पण पेन्शन किती येते, तो रात्री किती वाजता आला, कपड्यांना कसला वास होता आणि डायरीतले कोणते पान फाडलेले आहे, हे तिला माहीत असते. तिने विचारला असता असा प्रत्येक प्रश्न समासात लिहा. ज्या प्रश्नाचे उत्तर कथेत कुठेच नाही तिथे परत चौथ्या टप्प्यावर जा.